पदराआडचे दात

माझ्या दवाखान्यात खुर्चीच्या आधी पडदा आला. साल १९८९. परभणीत स्टेशन रोडला एका कापड दुकानाच्या माडीवर मी दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. दातांची खुर्ची मुंबईहून निघाली होती. तेव्हा मनमाडच्या पुढं आमच्याकडं मीटरगेज; तिथं माल उतरवून पुन्हा चढवायचा. ती पोचायला पंधरा दिवस लागले. तोवर मी लाकडी खुर्चीवर, खिडकीच्या उजेडात पेशंट बघत होते.

पहिल्याच आठवड्यात पालमकडची एक सून आली. सोबत सासू आणि थोरला दीर. डावा गाल सुजून डोळ्यापर्यंत आलेला. मी म्हटलं, तोंड उघड बाई. तिनं पदराचं टोक दातांत धरलं आणि मान खाली घातली. सासू म्हणाली, “उघड की गं, डॉक्टरीण बाईच हाय, गडी माणूस न्हाई.” तरी नाही. मग माझं बाकाकडं लक्ष गेलं. तिथं चार पुरुष बसले होते, त्यांत तिचा दीर, आणि सगळे तिच्याच तोंडाकडं बघत होते. मी बाई असून तिला काहीच उपयोग नव्हता. मी घरून पलंगपोस मागवला, दोन खिळ्यांना सुतळी बांधून तो टांगला. पडदा ओढल्यावर तिनं पदर सोडला. खालची दाढ कुजून हिरडीत पू भरला होता. आठ दिवस ती तशीच भाकरी थापत होती आणि दूधपाण्यावर होती. ते तोंड तिनं कुणाला दाखवलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

काम झाल्यावर सासूनं विचारलं, “किती झाले?” दिरानं विचारलं, “पुन्हा यावं लागंल का?” आणि ती सून, गालात कापूस धरून, जिना उतरायच्या आधी मागं वळली आणि हळूच म्हणाली, “पडदा लावला ते बरं केलं.” दाढ एकच निघाली होती, तिघांनी ती तीन निराळ्या मापांनी मोजली.

त्यानंतरची पस्तीस वर्षं मी हेच पाहत आले आहे. चांगला उपचार म्हणजे काय, हे आमच्या भागात पुरुषाचं वेगळं ठरतं आणि बाईचं वेगळं. आणि हे वेगळेपण दवाखान्यात जन्मलेलं नाही. दवाखाना यायच्या कितीतरी आधी ते परसात, ओसरीवर आणि बाजारात ठरून गेलं होतं.

मी सेलूची. आमच्या वाड्यात आजीची एक पितळी डबी होती, दातवणाची. हिरडा, मायफळ आणि हिराकस कुटून केलेली ती काळी पूड सवाष्णी दातांना लावत. मायफळातला तुरटपणा आणि हिराकशीतलं लोह एकत्र आलं की गडद काळा रंग बसतो. दौतीतली जुनी शाईही याच मेळातून होत असे. हे मी रसायनशास्त्राच्या तासाला शिकले तेव्हा मला आजीचे दात आठवले. शेजारच्या मोहल्ल्यातल्या मुसलमान बायका लावत त्या मिस्सीतही हिराकस आणि मायफळच. ईदेला आणि संक्रांतीला या डब्या इकडून तिकडं जायच्या. हैदराबादच्या राज्यात राहिलेल्या आमच्या गावांत काळे दात हे दोन्ही धर्मांच्या बायकांचं सौंदर्य होतं. पांढरेफटक दात आजीला उघडे वाटायचे, कपाळ उघडं वाटावं तसे.

आजोबा गेले त्या दिवशी कुंकवाच्या करंड्याबरोबर दातवणाची डबीही उचलली गेली. आजीनं मला हे एकदाच सांगितलं, तेही चुलीपुढं, पाठ करून बसलेली असताना. त्यानंतर तिनं मिशरी धरली. मिशरीला कुणाची हरकत नव्हती. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, हातानं चुरायची, वस्त्रगाळ करून डबीत भरायची. भाजताना वाड्यात असा खाट उठायचा की आम्ही पोरं खोकत अंगणात पळायचो. पहाटे, दुपारी जेवणावर आणि रात्री भांडी झाल्यावर आजी परसात दगडावर बसून बोटानं मिशरी लावायची. शेजारच्या दोघीतिघी यायच्या. तोंडात मिशरी म्हणून कुणी फार बोलत नसे, पण दिवसातली तीच त्यांची बसायची वेळ.

याच वाड्यातले पुरुष कडूलिंबाची नाहीतर बाभळीची काडी चावत उघड्यावर, गल्लीत उभे राहून, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत दात घासत. पुढं घरात विको वज्रदंतीचा डबा आला, तोही आधी पुरुषांच्या कोनाड्यात. दात घासणंसुद्धा पुरुषाचं समोर आणि बाईचं मागं. या मागच्या दारी काय शिजत होतं ते जगाला फार उशिरा कळलं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले दंतवैद्य फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ खेडूतांची तोंडं तपासून १९७२ साली तोंडाच्या कर्करोगाचा आणि त्याआधीच्या चट्ट्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एक लाखावर तोंडं, खेड्यापाड्यांत जाऊन! मला आजही त्या कामापुढं हात जोडावेसे वाटतात. १९९२ साली तंबाखू घातलेली दंतमंजनं बनवायला आणि विकायला देशात बंदी झाली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिशरीला कुठला कायदा लागणार? २००४ साली मुंबईतल्या १,२१७ बायकांच्या अभ्यासातून दिसलं, की गरोदरपणी असा तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी शंभरेक ग्रॅमनं हलकी भरतात. मिशरी हाच त्यातला मुख्य प्रकार.

हे सगळं मी पुढं शिकले. पण माझा पहिला धडा त्याआधीचा आहे. औरंगाबादचं शासकीय दंत महाविद्यालय १९८२ साली सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी मला तिथं प्रवेश मिळाला. तिसऱ्या वर्षाच्या सुटीत मी अवजारं घेऊन सेलूला आले आणि आजीचे दात साफ करायला बसले. दोन दुपारी खपून सगळा काळा थर काढला. आतून चांगले पिवळसर, निरोगी दात निघाले. माझ्या सरांनी पाहिलं असतं तर पाठ थोपटली असती. मी आजीपुढं आरसा धरला. तिनं बघितलं आणि पदरानं तोंड झाकून रडायला लागली. म्हणाली, “माझं तोंड मलाच ओळखू येईना गं.” आठवडाभर तिला थंड पाणी झोंबत होतं, आणि त्याहून जास्त काहीतरी झोंबत होतं. मी तिला विचारलंच नव्हतं. तिचे दात, तिचं तोंड, आणि चांगलं कशाला म्हणायचं ते मी ठरवून मोकळी झाले होते.

आता दुखण्याचं. सेलू, मानवत, जिंतूर, गंगाखेड, कुठल्याही बाजारगावात पुरुषाचा दात दुखला की तो न्हाव्यापुढं बसायचा. पिंपळाखाली, दहा माणसांत. एकानं डोकं धरायचं, न्हाव्यानं चिमटा घालायचा, आणि दात निघाला की बघ्यांनी वाहवा करायची. परभणीच्या तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसात दरवर्षी फेब्रुवारीत लाखांनी माणूस जमतो. माझ्या आजोबांच्या आठवणीत तिथं चादर अंथरून, उपटलेल्या दातांचा ढीग समोर मांडून बसलेले दातकाढे होते. तो ढीगच त्यांची पाटी. पुरुष त्या ढिगाकडं बघून ठरवायचे, की याचा हात बसलेला आहे. ‘हाताला गुण आहे’ हा आपल्या भाषेतला वैद्याचा सगळ्यात मोठा गौरव. त्यात हात आहे, गुण आहे, पण पेशंट कुठंच नाही.

बाईला त्या चादरीवर बसता येत नव्हतं. तिच्यासाठी वैदीण यायची. वैदू समाजाच्या बायका खांद्याला झोळी लावून, तुंबडी, जडीबुटी, सुया-पोत घेऊन दारोदार फिरायच्या. त्यांची हाळी आली की आमच्या आळीतल्या बायका मागचं दार उघडायच्या. वैदीण ओसरीवर मांडी घालून बसायची, दुखणाऱ्या बाईला समोर बसवायची, हनुवटी हातात धरून आधी चार गोष्टी विचारायची. लेकरं किती, दूध पाजतेस का, झोप लागते का, सासू कशी आहे. मग निखाऱ्यावर तेल आणि भुईरिंगणीचं बी टाकून त्याची धुरी नळीनं दाढेला द्यायची. खाली पाण्याच्या परातीत बारीक पांढऱ्या अळ्या दिसायच्या. “ही बघ कीड.” बाईचा जीव भांड्यात पडायचा.

त्या अळ्या नव्हत्याच. उष्णतेनं बी फुटून बाहेर पडलेले ते कोंब असत. दाताची कीड ही समजूत बाबिलोनपासून चीनपर्यंत होती, आणि १७२८ साली पियेर फोशार या फ्रेंच दंतवैद्यानं आपल्या ग्रंथात सांगून टाकलं, की सूक्ष्मदर्शकातून शोधूनही मला अशी कीड दिसली नाही. आपण मात्र आजही दात ‘किडला’ असंच म्हणतो, मीही म्हणते. उपचार म्हणून वैदिणीची धुरी फोल होती. पुष्कळ दाढा तिच्यामुळं उशिरानं माझ्यासारखीकडं आल्या, काही फार उशिरानं, आणि त्याचं दुःख मला आहे. तरी वैदिणीला नुसतं खोटं ठरवून मला पुढं जाता येत नाही. ती घरी येत होती. तिच्यापुढं पदर सोडायला लाज नव्हती. ती खाली बसायची, डोळ्याला डोळा भिडेल अशी. आणि ती विचारायची. माझ्या चार वर्षांच्या शिक्षणात यातलं एकही शिकवलं गेलं नव्हतं.

राज्यकर्त्यांना बायकांची ही अडचण कळत नव्हती असं नाही. लेडी डफरिनच्या नावानं १८८५ साली निधी उभा राहिला तो बायकांना बायकांकडून उपचार मिळावेत म्हणूनच. आमच्या राजधानीत, हैदराबादेत, व्हिक्टोरिया जनाना हॉस्पिटलची पायाभरणी १९०६ साली झाली. पण जनाना दवाखाना म्हणजे बाळंतपण. बाईची लाज कुठं असते याचं सरकारी उत्तर गर्भाशय हे होतं. तोंड त्यात नव्हतं. परपुरुषापुढं घास घेतानासुद्धा पाठ करणाऱ्या बाईला दाताच्या डॉक्टरपुढं तोंड उघडायला काय वाटेल, हा प्रश्न कुणाला पडला नाही.

त्याच हैदराबादेत एक विलक्षण गोष्ट घडली होती. १८८८ आणि १८८९ साली क्लोरोफॉर्म सुरक्षित आहे का हे तपासायला तिथं दोन आयोग बसले, एडवर्ड लॉरी या डॉक्टरांच्या पुढाकारानं. त्या काळात हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत शिकलेल्या रूपाबाई फर्दूनजी पेशंटला क्लोरोफॉर्म द्यायच्या. भूल देणाऱ्या जगातल्या पहिल्या स्त्रियांत त्यांचं नाव घेतलं जातं. दुखू न देण्याची विद्या आमच्याच राज्यात, एका बाईच्या हातात होती. १९००च्या सुमाराला गोदावरी खोऱ्यातली रेल्वे सुरू झाली आणि परभणीहून गाडीत बसून हैदराबादला जाता येऊ लागलं. गेले ते वकील, जमीनदार, साहुकार. त्यांच्या बायका मागं राहिल्या, लवंग दाढेत धरून.

१९४८ हे साल मला आमच्या धंद्याच्या इतिहासात फार मोलाचं वाटतं. मार्चमध्ये भारतात दंतवैद्य कायदा झाला. त्यानं नोंदवहीचे दोन भाग केले: ‘अ’ भागात शिकलेले, ‘ब’ भागात न शिकता, पण पाचेक वर्षं याच धंद्यावर पोट भरलेले. त्याच वर्षी स्वीडनमधून लिग्नोकेन हे सुन्न करणारं औषध बाजारात आलं. आजही मी तेच टोचते. आणि सतरा सप्टेंबरला आमचा मराठवाडा निजामाच्या अमलातून सुटला. तिन्ही गोष्टी परभणीच्या एखाद्या बाईच्या दाढेपर्यंत एकत्र पोचायला मात्र निदान आणखी तीस वर्षं गेली. कलकत्त्याला डॉ. आर. अहमद यांनी १९२० साली देशातलं पहिलं दंत महाविद्यालय काढलं होतं. तिथं शिकून फातिमा जिना यांनी १९२३ साली मुंबईत दवाखाना थाटला होता. म्हणजे मुंबईत बाई दंतवैद्य आली त्यानंतर साठ वर्षांनी मराठवाड्यात दंत महाविद्यालय आलं.

दवाखाना चालू झाला तसं मला लोकांचं ऐकून ऐकून कळू लागलं. पुरुष खुर्चीत बसायच्या आधी विचारतो, “किती लागतील? आजच होईल का?” उठल्यावर म्हणतो, “कळलंबी न्हाई,” नाहीतर “लई दुखलं.” त्याचा निवाडा तिथंच होतो आणि तो स्टेशन रोडवर सगळ्यांना सांगतो. बाई बिलाचं विचारत नाही, कारण पैसे तिच्याजवळ नसतात. दुखण्याचंही फार बोलत नाही. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बायका सुई टोचताना हूं की चूं करत नाहीत. पुरुषांना वाटतं ती घाबरत नाही. पण तिचा हात माझ्या एप्रनचं टोक घट्ट धरून असतो. १९६९ साली नॉर्मन कोरा या संशोधकानं दातांच्या भीतीचं माप काढलं, फक्त चार प्रश्नांचं, आणि तेव्हापासून देशोदेशी ते वापरून बहुतेक ठिकाणी बायका पुरुषांहून जास्त भीती सांगतात असं आढळलं. सांगतात, हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. आमच्याकडची पुरुष मंडळी चक्कर येऊन खुर्चीतून घसरतात, पण भीती वाटली असं सांगत नाहीत.

बायका माझ्याविषयी काय बोलायच्या ते मला मागून, दुसऱ्या बायकांकडून कळायचं. “ती विचारती.” “ती वरडत न्हाई.” “तिनं मिशरीवरून हिणवलं न्हाई.” हे शेवटचं मी फार चुकल्यावर शिकले. सुरुवातीला मी काळे दात बघितले की व्याख्यान द्यायची. बायका मान हलवायच्या आणि पुन्हा यायच्या नाहीत. मग एकदा आजीचं रडणं आठवलं. तेव्हापासून मी आधी विचारते, कधीपासून लावतेस, कुणी शिकवलं. उत्तर बहुधा एकच असतं: पहिल्या बाळंतपणानंतर दाढ दुखत होती, आईनं नाहीतर सासूनं सांगितलं, लाव जरा. दुखण्याला डॉक्टर न मिळालेल्या बाईला मिशरी मिळाली होती. हे समजल्यावर सोड म्हणायची रीतच बदलते.

आणि एक गोष्ट मला कायम सलत आली. रूट कॅनाल करून दाढ वाचते, पण चार खेपा आणि बरेच पैसे लागतात. काढून टाकायला एक खेप पुरते. नवऱ्याची दाढ असली की घरचे विचारतात, “वाचंल का?” बायकोची असली की, “काढूनच टाका बाई, कटकट नको.” तीही मान हलवते. खेड्यातून परभणीला चारदा यायचं म्हणजे एसटीचं भाडं, सोबत कुणीतरी, आणि त्या दिवसाची निंदणीची मजुरी बुडणार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बायकांना विचारतात, की दवाखान्यात जायला काय आड येतं: परवानगी, पैसे, अंतर, सोबत, बाई डॉक्टर नसणं. तो प्रश्न कुणी लिहिला मला माहीत नाही, पण त्यानं माझा बाक नीट बघितलेला आहे. फक्त एकाच वेळी हे सगळे अडसर एकदम गळून पडतात: लग्नाच्या मुलीचा पुढचा दात तुटला तर. तेव्हा बाप स्वतः येतो, शेत गहाण ठेवून आल्यासारखा, आणि म्हणतो, “कुठं कळू नये असा बसवा.” तिथंही मुलीला काय हवं हे विचारायला मला बापाला बाहेर पाठवावं लागतं.

काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी माझ्याकडं प्रश्नावली घेऊन आली. दंतसेवेच्या दर्जाविषयी स्त्री-पुरुषांची मतं कशी वेगळी असतात, असा तिचा विषय. प्रश्न सर्व्हक्वाल नावाच्या मापावरून घेतले होते. पॅरासुरामन, झीथॅमल आणि बेरी या तिघांनी १९८८ साली ते बावीस प्रश्न बांधले, बँका, क्रेडिट कार्ड, दुरुस्ती आणि दूरध्वनी सेवांच्या गिऱ्हाइकांसाठी. मग ते जगभरच्या दवाखान्यांत शिरले. जागा आणि साधनं, भरवसा, तत्परता, विश्वास, आपुलकी, अशी पाच अंगं. माप वाईट नाही. आपुलकी मोजायची कुणाला सुचली हेच मला मोठं वाटतं. तिनं मराठी केलं होतं आणि माझ्या बाकावर बसून ती फॉर्म भरून घेत होती.

मी काम करता करता ऐकत होते. जिंतूर तालुक्यातली एक बाई नवऱ्याबरोबर आलेली. मुलीनं विचारलं, “डॉक्टर तुमचं म्हणणं नीट ऐकून घेतात का?” नवरा म्हणाला, “घेतात की. लिहा.” पुढचा प्रश्न, तोही त्यानंच सांगितला. बाई सगळ्याला ‘चांगलं हाय’ म्हणत गेली. पाचपैकी पाच. मग नवरा पान खायला खाली उतरला. मुलीनं फॉर्म घडी करून पिशवीत घातला, आणि तेव्हा ती बाई बोलायला लागली. आधी एका ठिकाणी दाखवलं होतं, तिथं दोघं शिकाऊ पोरं तिच्या तोंडात बघत आपसांत इंग्रजीत बोलत होती आणि हसत होती. ती आपल्यालाच हसतात असं तिला वाटलं. ती पुन्हा गेली नाही. वर्षभर एकाच बाजूनं जेवली. विद्यार्थिनी ऐकत राहिली. तिच्या फॉर्मात हे लिहायला जागा नव्हती.

अशा अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. कुठं बायका जास्त समाधानी निघतात, कुठं पुरुष, कुठं फरकच नाही. मला त्याचं नवल वाटत नाही. ज्या बाईनं कधी काही मागितलंच नाही, तिला थोडं मिळालं तरी ती पाच गुण देते. आणि जिला कळायला लागलं आहे की आपण मागू शकतो, ती तीन देते. माझ्या मते दुसरीच्या तिनात आमच्या कामाची खरी प्रगती आहे. मी त्या मुलीला एवढंच सुचवलं, की बायकांचे फॉर्म पडद्याच्या आत भरून घे. तिनं तसं केलं.

आता परभणीतच सरस्वती धन्वंतरी दंत महाविद्यालय आहे. आमच्या वेळी वर्गात मुली मोजक्या होत्या. आता दंतवैद्यकाच्या बहुतेक वर्गांत मुलीच जास्त. जिंतूर, पाथरी, गंगाखेडच्या पोरी पांढरा एप्रन घालून बसमधून येताना दिसतात. गावाकडची बाई त्यांच्यापुढं पटकन तोंड उघडते. आणि याच वर्षांत पुरुषांचं तोंड मिटत चाललंय. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली, पण पुडी कुठं थांबली? विशी-पंचविशीतली पोरं येतात. मी म्हणते, तोंड उघड. तो उघडतो, आणि दोन बोटंसुद्धा आत जात नाहीत. गालाची कातडी सुपारीनं ताठ झालेली असते. मिरचीचा ठेचा तोंडात धरवत नाही म्हणून रडतात. आता त्यांच्या बायका त्यांना हात धरून आणतात आणि बाकावर बसून त्यांच्या वतीनं उत्तरं देतात. तेव्हा मी त्या बायकोलाही बाहेर थांब म्हणते. त्याचंही त्याला स्वतःला बोलू द्यायला हवं. लाजेनं मिटलेलं तोंड कसं उघडायचं हे मला बायकांनीच शिकवलं, आणि ते आता या पोरांच्या कामी येतंय.

मागच्या पावसाळ्यात पालमकडची एक बाई एकटी आली. एसटीनं, हातात पिशवी, चष्मा लावलेला. मी ओळखलं नाही. तिनंच सांगितलं, “दाढ काढली होती तुमी, पलंगपोस टांगून.” सासू जाऊन बारा वर्षं झाली होती. वरचे दात सगळे गेले होते आणि तिला कवळी हवी होती. चार खेपा लागतील म्हटलं, तर म्हणाली, येईन की. तिसऱ्या खेपेला मेणात बसवलेले दात घालून बघायचे होते. मी नेहमीप्रमाणे जरा पांढरे निवडले होते, बायकांना तसे आवडतात असं धरून. तिनं आरसा हातात घेतला, ओठ वर करून बघितलं, मान हलवली. “हे दुसऱ्याचे दिसायलेत. माझे एवढे पांढरे नव्हते.”

मी रंगांची पट्टी तिच्या हातात दिली. ती एकेक दात खालच्या दातांशी लावून बघत बसली. मग उठली, खिडकीपाशी गेली, आणि उजेड नीट यावा म्हणून मधला पडदा हातानं बाजूला सारला. बाकावर सहा-सात माणसं होती.